डब्यासाठी केलेली सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उमेळे परिसर रहिवासी मंचाचे संस्थापक माननीय श्री. दिनानाथ सामंत, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आपल्या प्रभागाचे सहायक आयुक्त माननीय श्री. हर्षवर्धन मोहिते साहेब. व्यासपीठावरचे अभियंता वर्गातले आणि आरोग्य खात्यातले सन्माननीय अधिकारी. पाचही गृहसंकुलांतून आलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो. गावातून मुद्दाम आलेले पास्कलभाऊ डिमेलो आणि मार्गारेटबाई. आणि या सभागृहाच्या बाहेर, पायरीवर बसलेल्या श्रीमती अनसूया हरिश्चंद्र राऊत. सर्वांना माझा नमस्कार.

शेवटचं नाव ऐकून सुरुची आपला कागद तपासते आहे. अगं, तुझ्या यादीत ते नाही. मी घातलं.

सुरुची आपली सूत्रसंचालक, गुणी मुलगी. तिनं मला काल फोनवर बजावलं होतं, "काकू, पाच मिनिटं हं. साहेबांचे दोन गुण, एक आठवण, शक्यतो हसरी." तिला बिचारीला ठाऊक नाही की मी मंत्रालयात तेहतीस वर्षं काढून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तेवढ्या काळात मी निदान शंभर निरोप समारंभ पाहिले असतील. प्रत्येकात जाणारा माणूस कर्तव्यदक्ष असतो, मितभाषी असतो आणि त्याच्या जाण्यानं पोकळी निर्माण होते. सोमवारी त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलेलं असतं आणि चहा पूर्वीसारखाच येतो.

आज शुक्रवार आहे. मोहिते साहेब सहा वाजता पदभार सोडणार, आणि आता त्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली आहेत. म्हणजे अजून पंचावन्न मिनिटं ते आपल्या प्रभागाचे सहायक आयुक्त आहेत. मला त्यातली वीस हवी आहेत. अध्यक्ष महोदय, तुम्ही आत्ताच घड्याळाकडे बघायला लागलात तर कसं व्हायचं?

आधी साहेबांचे गुण सांगते, कारण ते खरे आहेत. मोहिते साहेबांनी कधी आम्हाला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं नाही. महिन्याचा पहिला शनिवार त्यांनी आमच्या मंचासाठी राखला आणि पाळला. आवाज कधी चढवला नाही. एकदा मी टेबलावर हात आपटला होता, तेव्हा त्यांनी शांतपणे पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला होता. अशा अधिकाऱ्याशी भांडणंही अवघड असतं. मी आज भांडायला उभी राहिलेली नाही. ज्या चुकीविषयी बोलणार आहे ती त्यांची थोडी आहे, माझी फार आहे.

मंच कसा सुरू झाला, हे नव्या लोकांना माहीत नसेल. मी आधी विरारला, फुलपाड्यात राहायचे. तिथं खिडकी उघडली की समोरच्या घरातली फोडणी आपल्या डोळ्यांत जायची. निवृत्तीनंतर यजमान म्हणाले, जरा हिरवं दिसेल अशा ठिकाणी जाऊ. म्हणून उमेळ्याला आलो. माहितीपत्रकात केळीच्या बागेचं चित्र होतं. खरोखर बागही होती. आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागूनच राऊतांची वाडी होती. आम्ही चौथ्या मजल्यावरून ती बघायचो आणि पाहुण्यांना दाखवायचो, जणू काही आम्हीच लावली आहे.

पण नळाला पाणी नव्हतं, गटाराला तोंड नव्हतं आणि रस्त्यावर दिवा नव्हता. दिवा नव्हता म्हणजे खांब होता, फक्त तो आडवा होता. आठ महिने तो खांब रस्त्याच्या कडेला झोपून होता आणि कार्यालयाच्या नोंदीत 'बसविण्यात आला' असं लिहिलेलं होतं. दिनानाथभाऊंनी एक दिवस त्या खांबाला हार घातला, फोटो काढला आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सरकारात होतात. अर्ज कसा लिहायचा तेवढं शिकवा आम्हाला." मंच असा सुरू झाला. खांब बावीस दिवसांत उभा राहिला. त्या दिवशी आम्ही खांबाखाली पेढे वाटले.

मी मंचाला सगळं शिकवलं. अर्ज तीन प्रतींत करायचा. विषय एकच ठेवायचा. संदर्भ द्यायचा. रागाचा शब्द नको. पोच घेतल्याशिवाय, म्हणजे आवक क्रमांक आणि शिक्का मिळाल्याशिवाय, खिडकी सोडायची नाही. आणि सह्या! सह्या जितक्या जास्त तितका कागद जड, हे मीच सांगितलं. खांबानंतरच्या चार वर्षांत आम्ही एकसष्ट अर्ज दिले. त्यातल्या छप्पन्न अर्जांचं काहीही झालं नाही. चार अर्जांना 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे' असं उत्तर आलं. एकाच अर्जावर कारवाई झाली, तीही एकोणीस दिवसांत. त्याच अर्जाविषयी मला बोलायचं आहे.

राऊतांच्या वाडीच्या कडेला एक बावखल होतं. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, मलाही तो नवीन होता. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. इथून खाडी किती जवळ आहे तुम्हाला माहीतच आहे. वरून गोड्या पाण्याचा दाब राहिला नाही तर खालून खारं पाणी वर येतं. हे इथल्या माणसांना शाळेत जायच्या आधी कळतं. मला इतकी वर्षं पेन्शन खाऊन झाल्यावर कळलं.

चौथ्या मजल्यावरून मला काय दिसायचं? हिरवट पाणी, त्यावर पडलेली पानं, कडेला शेवाळ. डबकं. मी त्याला डबकंच म्हणायचे.

त्या वर्षी ऑक्टोबरात दिनानाथभाऊंच्या नातीला, अनुष्काला, डेंग्यू झाला. प्लेटलेट सतरा हजारांवर आल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते आणि एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडताना मी पाहिला. अनुष्का बरी झाली, आता समोरच बसली आहे, दहावीला आहे. पण त्या जिन्यातच आम्ही ठरवलं की ते डबकं बुजवायचं. अध्यक्ष महोदय, तुमची भीती खरी होती. ते मी कधीच नाकारणार नाही.

अर्ज मी लिहिला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला अर्ज असेल तो. 'सार्वजनिक आरोग्यास निर्माण झालेला गंभीर धोका' अशी सुरुवात होती. सातबारा काढून पाहिला, तर ती जागा कुणाच्याच नावावर नव्हती. चार पिढ्यांची वहिवाट राऊतांची होती, पण कागदावर ती सरकारी पड होती. माझ्यातल्या कक्ष अधिकाऱ्याला आनंद झाला, हे मी लपवत नाही. शेवटी मी आणखी एक ओळ घातली: 'तसेच परिसरातील तत्सम डबकी टप्प्याटप्प्याने बुजविण्यात यावीत.' ही ओळ लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

सह्यांसाठी आम्ही दोन महिने दारोदार फिरलो आणि सव्वीस सह्या मिळाल्या. सगळे अर्जाच्या बाजूनं होते, पण सही म्हटलं की "मिस्टर आले की सांगते." साहेबांच्या आधी जे अधिकारी होते ते कागद उलटून म्हणाले, "मॅडम, सव्वीस? एवढ्यावर मी फाईल पुढे कशी पाठवू?"

मग जानेवारी आला आणि मंचाचं हळदीकुंकू आलं.

त्या हळदीकुंकवाचा मला फार अभिमान होता. यजमान गेल्यावर दोन वर्षं मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं की आपल्या मंचाचं हळदीकुंकू सगळ्या बायकांसाठी असेल, ज्यांचे नवरे नाहीत त्यांच्यासाठीही. दोन बायकांनी नाकं मुरडली, त्यांना मी गप्प बसवलं. आणि स्वतः चालत वाडीत गेले, अनसूयाबाईंना आमंत्रण द्यायला. हरिश्चंद्र राऊतांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "मना कोन बोलावतं, बाय?" मी म्हटलं, मी बोलावते.

त्या सगळ्यांच्या आधी आल्या. डोक्यावर टोपली होती, टोपलीत कागड्याच्या फुलांचे शंभर गजरे होते, पहाटे उठून केलेले. पार्किंगमध्ये मांडव घातला होता. मांडवाच्या तोंडाशी त्या थांबल्या. आत यायला धजेनात. मी त्यांना हात धरून आत ओढलं, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले. मग टेबलाकडे नेलं. वाण म्हणून त्या वर्षी घट्ट झाकणाचा डबा होता, आणि एकीनं दोनदा नेऊ नये म्हणून कागदावर नाव, पत्ता आणि सही घेत होतो. मी म्हटलं, "अनसूयाबाई, पहिली सही तुमची." त्यांनी पेन हातात नीट धरलं, आणि पहिल्या ओळीवर, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: अनसूया हरिश्चंद्र राऊत.

दोन दिवसांत तीनशे शहाऐंशी बायका येऊन गेल्या.

चार दिवसांनी अर्ज समोर ठेवून दिनानाथभाऊ आणि मी बसलो होतो. ते म्हणाले, "वहिनी, सह्या आहेत की आपल्याकडे." कुठल्या, ते मी विचारलं नाही, कारण तोवर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. सगळ्यांना डास चावतातच ना? सगळ्यांना विचारलं असतं तर हो म्हणाल्याच असत्या, नाही का? त्या कागदांच्या माथ्यावर 'हळदीकुंकू – वाण वाटप' असं लिहिलेलं होतं. मी कात्री घेतली आणि प्रत्येक पानाची वरची पट्टी कापली. तेरा पानं. कात्री माझी होती, हात माझा होता. दिनानाथभाऊंनी फक्त टाचण्या दिल्या.

भगिनींनो, तुमच्यातल्या निम्म्या जणींची सही त्या अर्जावर आहे आणि बऱ्याच जणींना ते आज पहिल्यांदा कळतं आहे. माझ्याकडे असं बघू नका म्हणायचा मला अधिकार नाही. बघा.

चारशे बारा सह्यांचा अर्ज घेऊन मी कार्यालयात गेले, तेव्हा मोहिते साहेब नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी पानं चाळली, कौतुक केलं, म्हणाले, "अशी जागरूक संघटना प्रत्येक प्रभागात हवी." चारशे बारांपैकी तीनशे शहाऐंशी सह्या बायकांच्याच कशा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पहिली सही त्यांच्या नजरेत भरली. राऊत? लगतच्या वहिवाटदार? मी म्हटलं, हो. मग त्यांनी टिपणीवर लिहिलं, 'लगतच्या वहिवाटदारांची संमती प्राप्त.' मी समोर बसले होते. ते वाक्य मला उलटं वाचता आलं. मी गप्प बसले.

दोनच दिवसांनी हिवताप विभागाचा अहवाल माझ्या हातात पडला. तपासणी ऑक्टोबरातली, अहवाल फेब्रुवारीत. त्यात काय होतं सांगू? बावखलात अळ्या नव्हत्या. त्यात मासे होते, ते अळ्या खातात. अळ्या सापडल्या होत्या सोळा फ्लॅटच्या बाल्कन्यांत, कुंड्यांखालच्या बशांमध्ये. त्या सोळांत माझा नंबर तिसरा होता.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? एक साधं पत्र, चार ओळींचं. मला त्याचा नमुना झोपेतही लिहिता येतो. पण मंचाचं पहिलं मोठं काम मार्गी लागलं होतं, साहेब फोनवर 'मॅडम' म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मी तो अहवाल पंच केला आणि फाईलला लावला. तो अजून तिथंच आहे.

डंपर आले तेव्हा अनसूयाबाई विळा हातात घेऊन तशाच धावत आल्या. कनिष्ठ अभियंत्यानं त्यांना झेरॉक्स दाखवली. "आजी, ही सही तुमचीच ना?" त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. म्हणाल्या, "माजीच हाय." खोटं बोलता आलं असतं त्यांना. नाही बोलल्या. मग त्या आमच्या इमारतीखाली आल्या आणि चार मजले चढून माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी काहीतरी सांगायला लागले, डास, आरोग्य, पोरंबाळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या:

"बाय, मी तं डब्यासाठी सही केली."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी इतक्या वर्षांत खूप शिव्या खाल्ल्या आहेत, त्या विसरायला होतात. हे वाक्य विसरायला होत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त आपण ते एकत्र जोडून बघत नाही. पुढल्या मार्चात राऊतांची विहीर मचूळ झाली, त्याच्या पुढल्या वर्षी खारट. केळीची पानं कडेनं करपायला लागली. कागडा गेला. मंचाच्या हळदीकुंकवाला आता गजरे दादरहून येतात, कुणाच्या लक्षात आलं होतं? पावसाचं जे पाणी बावखलात जायचं ते आपल्या सी विंगच्या तळमजल्यात जातं आणि त्यासाठी आपण पालिकेला अर्ज करतो. अर्ज मीच लिहिते. अनसूयाबाईंच्या मुलानं, उमंगनं, वाडी विकायला काढली आहे. त्या घरात लग्न निघालं की हळदीचं पाणी बावखलातून यायचं. उमंगच्या लग्नात ते बिसलेरीच्या बाटलीतून आलं. मला आमंत्रण होतं. मी गेले नाही.

आणि बुजवलेल्या बावखलावर काय झालं? जागा मोकळी झाली, मंचानं शनिवारच्या बैठकीत मागणी केली, साहेबांनी पाठपुरावा केला आणि विरंगुळा केंद्र उभं राहिलं. म्हणजे हे सभागृह. आपण आत्ता जिथं बसलो आहोत ते. दाराशी संगमरवरी पाटी आहे, 'संकल्पना: सौ. वसुंधरा खानविलकर'. मी सौ. नाही हेही कुणी पाहिलं नाही. त्या कोपऱ्यात सतरंजी का अंथरली आहे, माहीत आहे? खालून ओल येते. तीनदा फरशी काढून बसवली, ओल येतेच. पाण्याला त्याची जागा माहीत आहे.

म्हणून अनसूयाबाई आत येत नाहीत. आज मी त्यांना घरी जाऊन आणलं, हात धरला, जसा त्या दिवशी धरला होता. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पान्यावर पाय कसा ठेवू?" मग पायरीवर बसल्या. मला त्यांना आत ओढता आलं नाही. ओढायचं धाडसही झालं नाही.

सुरुचीची चिठ्ठी आली आहे. 'काकू, वेळ झाली.' बरोबर आहे, पण मूळ मुद्दा आत्ता येतो आहे, म्हणून चिठ्ठी मी खिशात ठेवते.

पास्कलभाऊ आणि मार्गारेटबाई का आले आहेत? इथून दोनशे पावलांवर त्यांच्या वाडीत दुसरं बावखल आहे. या बाजूचं शेवटचं. दर मे महिन्यात पास्कलभाऊ स्वतः उतरून त्यातला गाळ काढतात. पाच विहिरी त्याच्या जिवावर गोड आहेत, आणि राऊतांच्या विहिरीला परत गोडी येण्याची काही आशा असेल तर तीही त्याच्यावरच. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या फाटकावर नोटीस चिकटली: 'रहिवाशांच्या अर्जास अनुसरून तत्सम डबके बुजविण्यात येत आहे.' सोबत झेरॉक्स जोडली होती. माझा अर्ज, ती तेरा पानं, चारशे बारा सह्या. पास्कलभाऊ ती घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेली मानसं. आमाला एवढंच सांगा, हे डबकं हाय असं कोनी बगितलं? कोन आलतं बगायला?"

कुणी आलं नव्हतं. मी चौथ्या मजल्यावरून लिहिलं होतं.

काम सोमवारी सकाळी सुरू व्हायचं आहे. आदेशावर मोहिते साहेबांची सही आहे. नवे साहेब बुधवारी रुजू होणार. मंत्रालयात तेहतीस वर्षं काढल्यामुळे मला या दोन दिवसांची किंमत कळते. या दोन दिवसांत थांबवायला कुणी नसतं आणि डंपरला ते ठाऊक असतं.

म्हणून मी अर्ज केला आहे, बासष्टावा. विषय एकच: आधीचा अर्ज मागे घेणे. सह्या कशा मिळवल्या ते त्यात लिहिलं आहे, कात्रीसकट. हिवताप विभागाचा अहवाल जोडला आहे. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, हेही लिहिलं आहे. यावेळी मी पाच आठवडे दारोदार फिरले. आधी पूर्ण अर्ज वाचून दाखवला, मग सही मागितली. "काकू, एक्झॅक्टली इश्यू काय आहे?" असं विचारणारे भेटले. "गाववाल्यांचं गाववाले बघतील ना," म्हणणारे भेटले. "मग हा हॉल पाडणार का?" असंही एकीनं घाबरून विचारलं. अध्यक्ष म्हणाले, विचार करतो. पाच आठवडे त्यांचा विचार चालू आहे. चारशे बारांच्या जागी मला सदतीस सह्या मिळाल्या. पण सदतीसच्या सदतीस जणांना आपण कशावर सही केली ते माहीत आहे.

पहिली ओळ मात्र कोरी आहे. ती चुकून राहिलेली नाही. ती अनसूयाबाईंसाठी ठेवली होती. त्यांना अर्ज दोनदा वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली, बरोबर लिहिलंय म्हणाल्या. मी पेन पुढे केलं तर त्यांनी हात पदराखाली घेतला. "नय बाय. एकदा केली सही." एवढ्या साध्या बाईचा कागदावरचा विश्वास मी घालवला. मंचाच्या अहवालात आमच्या कामांची यादी असते, त्यात हे काम कुठंच दिसत नाही.

आम्ही संघटना काढली ती पालिकेनं आमचं ऐकावं म्हणून. पालिकेनं ऐकलं. तेव्हा आमच्या तोंडून कोण बोलत होतं, आणि कुणाचं तोंड आम्ही बंद केलं होतं, हे ना साहेबांनी विचारलं ना आम्ही. साहेब, तुम्ही टिपणीवर संमती लिहिलीत तेव्हा वाडीपर्यंत चालत गेला असतात तर सात मिनिटं लागली असती. मी मोजली आहेत. मला कुंपणाचं फाटक उघडलं की एक मिनिट लागतं, आणि हे विचारायला मी तेवढंही गेले नाही. म्हणून म्हटलं, तुमची थोडी, माझी फार.

साहेबांच्या सत्काराचं ताट इथं टेबलावर आहे. शाल आहे, श्रीफळ आहे, आणि श्रीफळाखाली मी तो अर्ज ठेवला आहे, तीन प्रतींत. साहेब, पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली. तुमच्या हातात अजून पस्तीस मिनिटं आहेत. अर्जावर पोच द्या आणि आदेशाला स्थगिती द्या. सोबतच्या कोऱ्या कागदावर दोन ओळी पुरतात. तुम्ही आमच्यासाठी एकोणीस दिवसांत एक काम केलंत. हे त्याहून लवकर होऊ शकतं.

आता आभार. मला माईक दिल्याबद्दल सुरुचीचे, तो अजून काढून न घेतल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि एवढा वेळ खाली मान घालून का होईना ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार मानते.

भाषणाच्या शेवटी काही चुकलं असल्यास क्षमा असावी, असं म्हणतात. मीही शंभर वेळा म्हटलं आहे. आज म्हणत नाही. चुकलं आहे, आणि त्याची क्षमा या सभागृहात बसलेल्या कुणाच्या हातात नाही. ती ज्यांच्या हातात आहे त्यांनी अजून दिलेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही. आजवर मागायला गेले तेव्हा प्रत्येक वेळी काहीतरी दुसरंच बोलून परत आले.

मी आता माईक खाली ठेवते आणि बाहेर पायरीवर जाऊन अनसूयाबाईंच्या शेजारी बसते. साहेब, पोच मला तिथं आणून द्या.